परंदवडीचे पडदे कुणी सोडले?

१

गुलाब मेले नव्हते. मेले असते तर बरं झालं असतं, असं हौशीरामआबा म्हणाले. ते उभेच होते, पण माना टाकून. ओळीच्या ओळी जमिनीकडे बघत होत्या आणि पाकळ्यांच्या कडांवरून कुणी गरम इस्त्री फिरवावी तशा त्या करपल्या होत्या. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, वर्षाचा सगळा माल जायचे हेच दिवस, आणि आबांच्या परंदवडीच्या पॉलीहाऊसमध्ये बाजारात न्यावं असं एक फूल उरलं नव्हतं.

माधवी दोन ओळींच्या मधून चालत शेवटापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. तिला एका जागी उभं राहवत नव्हतं.

"काल भर उनात पडदं खाली आलं," आबा म्हणाले. "आत नुसती भट्टी. सूनबाई घरी, बाकी आमी समदी बेगडेवाडीला साखरपुड्याला गेलतो. कामाच्या बाया जेवायला गेलेल्या. परत आलो तवा हे असं."

"हाताने कुणी सोडले असतील?"

"हातानं फिरवायला दांडाच न्हाई आता. तुमच्या संदेशनं पेटी बसवली न्हवं? ऊन वाढलं की पेटी पडदं वर घेती, वारं सुटलं की खाली सोडती. आमाला सांगितलं, आबा, आता डोकं मोकळं ठेवा." आबांनी एक करपलेली कळी खुडली आणि तिच्या हातात ठेवली. "ठेवलं मोकळं."

माधवी सोमाटण्याला राहायची. वीस-बावीस वर्षं पुण्याच्या कंपनीत प्रोग्रॅमिंग करून ती आता घरूनच काम करत होती. मावळातल्या, लोणावळ्यातल्या प्रोग्रॅमर पोरापोरींचा एक ग्रुप तिनेच जमवला होता. कुणाचं काही अडलं की ग्रुपवर टाकायचं, ज्याला सुचेल त्याने सोडवायचं, आणि ज्याचं सुटलं त्याने रविवारच्या बैठकीत सगळ्यांना चहा पाजायचा. संदेश त्याच ग्रुपमधला. पुण्याची नोकरी सोडून तो गावी आला होता आणि आसपासच्या गुलाबवाल्यांना या पेट्या करून देत होता.

"रविवारी समदे गुलाबवाले माझ्या शेडमधी येणार हाईत," आबा म्हणाले. "तवर सांगा कुणी केलं ते. न्हाईतर सगळ्यांच्या पेट्या उपटून त्याच्या दारात नेऊन टाकणार. मग त्यानं पुन्यालाच जावं."

२

संदेशने दाढी केली नव्हती आणि बहुतेक झोपही घेतली नव्हती. परंदवडीतल्या त्याच्या खोलीत टेबलभर तारा पसरल्या होत्या.

"पेटी चुकली नाही, ताई," तो म्हणाला. "मी सगळं तपासलं. पडदे सोडायचा हुकूम बाहेरून आला. कुणीतरी लॅपटॉपवरून दिला."

"मग ऊन वाढल्यावर पेटीने ते परत उघडायला नकोत?"

"बाहेरून माणसाने हुकूम दिला की पेटी मधे पडत नाही. आबांचाच हट्ट. म्हणाले, माझ्या शब्दापुढं यंत्रानं बोलायचं नाही. म्हणून तसंच केलं."

"कुठल्या लॅपटॉपवरून आला, ते दिसत नाही?"

"हुकूम मधल्या सर्व्हरवरून फिरून येतो. पेटीला फक्त किल्ली कळते. किल्ली बरोबर असली की ती ऐकते. कोण बोलतंय ते तिला कळत नाही."

प्रत्येक पेटीला तिची स्वतःची किल्ली होती, म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ. ती पाठ करणं माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. ती फाइलमध्ये ठेवलेली असायची आणि प्रोग्रॅम तिथून आपोआप उचलायचा.

माधवीने पेटीचा कालचा लॉग, म्हणजे तिने पाळलेल्या हुकमांची नोंद, बघितला. पडदे एकदाच सोडले नव्हते. खाली, वर, परत खाली, परत वर, आणि शेवटी खाली. तिथेच राहिले.

"हे काय? कुणाला नुकसान करायचं असेल तर त्याने एकदा सोडावेत आणि निघून जावं."

"खेळ केला असेल. मजा वाटली असेल."

माधवी उठून खिडकीशी गेली. समोर कुणाच्या तरी ट्रॅक्टरचं चाक निघालं होतं आणि तीन माणसं त्याभोवती उभी राहून तिसऱ्याच विषयावर बोलत होती.

"आबांच्या पेटीची किल्ली कुणाकुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. पेट्या बसवतो म्हणून नवाजकडे." संदेश थांबला. त्याने टेबलावरची एक तार उगाच सरळ केली. "आणि अमृतकडे."

३

अमृतचं नाव ऐकून माधवी खिडकीपासून परत फिरली. त्या दोघांचं भांडण तिच्या समोर, सगळ्या ग्रुपच्या समोर झालं होतं.

पहिली पेटी संदेश आणि अमृत दोघांनी मिळून केली होती. अमृत लोणावळ्याचा, भांगरवाडीत राहणारा, एका मोठ्या कंपनीचं काम घरून करणारा. ग्रुपवर अवघड प्रश्न आला की सगळे त्याच्या उत्तराची वाट बघायचे. दिवाळीच्या सुमारास संदेशने एक साधा प्रश्न विचारला आणि अमृतने लिहिलं, "आधी स्वतः शोध, मग विचार." एवढंच. पण प्रोग्रॅमर लोकांत याच्यासारखा अपमान नाही. भर पंगतीत ताटावरून उठवावं तसं ते लागतं. संदेशने उलट लिहिलं, "पगारी माणसाला शेतातलं काय कळणार." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एकमेकांच्या प्रश्नांना उत्तरंही बंद.

"तू किल्ली बदलली का नाहीस?"

"बदलणार होतो." संदेश खाली बघत म्हणाला. "बदलली असती तर तो कायमचाच गेला असं झालं असतं."

 संदेशने फोन पुढे केला.

"आता हे बघा. काल संध्याकाळी मी करपलेल्या गुलाबांचा फोटो ग्रुपवर टाकला. पाचच मिनिटांत अमृत ग्रुप सोडून गेला. कुणाला काही न सांगता. फोन लावला तर उचलत नाही. मी आज ग्रुपवर त्याचं नाव लिहिणार आहे, ताई. सगळ्यांना कळू दे."

"रविवारपर्यंत थांब."

"कशाला? अजून काय राहिलं?"

 माधवीला फक्त एवढं जाणवत होतं की पडदे खालीवर करणारा तो हात रागावलेल्या माणसाचा वाटत नाही. पण नुसत्या वाटण्यावर गुलाबवाल्यांची समजूत पटणार नव्हती.

"मी आधी नवाजला भेटते," ती म्हणाली. "तू काही लिहू नकोस. लिहिलेलं पुसता येतं, पण वाचलेलं पुसता येत नाही."

४

नवाज सोमाटणे फाट्याच्या पलीकडे एका शेडवर शिडी लावून चढला होता. खाली त्याची बहीण तमन्ना स्क्रू हातात घेऊन उभी होती.

"मला म्हाईत व्हतं तुमी येणार," तो वरूनच म्हणाला. "किल्ली माझ्याकडं हाय म्हणून ना?"

"काल दुपारी कुठे होतास?"

"हितंच. तमन्नाला विचारा."

"बहीण भावाच्याच बाजूने बोलणार."

"मी?" तमन्ना म्हणाली. "हा फासावर जात असला तरी मी खरं सांगीन, मावशी. पण काल हितंच होता. मला दिवसभर शिव्या देत होता."

नवाज खाली उतरला आणि हात पुसत हसला. "आणि मला पडदं सोडायचंच असतं, तर मी मोटरची एक वायर ढिली केली असती. कुणाला काय कळलं असतं? म्हणलं असतं, उंदरानं कुरतडली. लॅपटॉपवरनं सोडायला मी काय येडा हाय?"

हे बोलणं माधवीला पटलं. ज्याला पेटीची तार न् तार माहीत आहे तो आपल्याच किल्लीचा माग ठेवून जाणार नाही.

"आबांच्या मोटरचं काही दुखणं होतं का?"

"झटका. सुरू होताना अशी हिसका देती की पडदा गुंडाळायची सगळी नळी थाडकन वाजती. आबांच्या घरापर्यंत आवाज जातो. संदेशदादाला म्हणलं, हे हळू सुरू होईल असं काय तरी करा, न्हाईतर एक दिवस पडदा फाटंल. त्यांना जमंना. मग त्यांनी काल सकाळीच ग्रुपवर टाकलं. कुणी उत्तर दिलं न्हाई अजून."

"नवीन पेटीला असा झटका?"

"नवीन कुटली?" नवाज म्हणाला. "आबांना लय घाई व्हती. नवीन पेटी तयार न्हवती. मग दादा म्हणालं, माझ्या टेबलावरची सरावाची पेटी काढ आणि लाव. ती सगळ्यात पहिली पेटी. तीच आबांकडं हाय."

"कधी लावली?"

"संक्रांतीच्या आसपास."

माधवीने स्कूटरला किल्ली लावली, पण सुरू केली नाही. भांडण दिवाळीचं आणि पेटी हलली संक्रांतीला. मधल्या काळात संदेश आणि अमृत एक शब्दही बोललेले नव्हते.

५

सारिका आबांची सून. साखरपुड्याच्या दिवशी घरात एकटी तीच होती, आणि तेवढ्यावरून शेजारच्या झुंबरबाईंनी कालपासून तिच्याकडे बघायची तऱ्हा बदलली होती. पेटीला हुकूम देणारं ॲप तिच्याही फोनवर होतं.

"ॲपवरनं मीच सोडलं, असं म्हणत्यात," ती कांदा चिरता चिरता म्हणाली. "साखरपुड्याला न्हेलं न्हाई म्हणून राग काढला म्हणं. मला काय, ती फुलं माझी न्हाईत?"

"ॲपवरून दिलेला हुकूम लॉगमध्ये वेगळा दिसतो. हा लॅपटॉपचाच आहे. तुझ्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही," माधवी म्हणाली. "मला फक्त सांग, तू काय ऐकलंस."

सारिकाने सुरी खाली ठेवली. कालपासून हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"भाकरी करत व्हते. थाडकन आवाज आला, पडदा खाली गेला. म्हणलं, वारं सुटलं असंल. मग परत थाड, वर गेला. म्हणलं, नवाजभाऊ आलं असत्याल तपासायला. मग परत खाली गेला, पण या बारीला आवाज कमी. धप् केल्यावानी. मग वर गेला तवा नुसती गुरगुर. भाकरी करपत व्हती म्हणून बाहेर आले न्हाई. म्हणलं, वर गेलंय, उघडं हाय, काळजी न्हाई."

"त्याच्यानंतर परत खाली आल्याचा आवाज?"

"न्हाई."

"नीट आठव. पडदे शेवटी खालीच होते."

"मी बहिरी न्हाई, ताई. वर गेल्याली गुरगुर शेवटची. त्याच्यापुढं काय बी वाजलं न्हाई. वाजलं असतं तर मी पळत गेले असते की."

माधवी ओट्याला टेकून उभी राहिली. सारिका काहीतरी विचारत होती, तिला ते ऐकू येत नव्हतं. पहिल्यांदा थाडकन. मग धप्. मग गुरगुर. आणि शेवटी पडदा इतका अलगद उतरला की घरात भाकरी करणाऱ्या बाईलाही कळलं नाही.

पडदे सोडणाऱ्याने जाता जाता संदेशचा प्रश्न सोडवला होता.

६

भांगरवाडीच्या त्या घरात अमृतने दार उघडलं आणि माधवीला बघून तो बाजूला झाला. बसा म्हणाला नाही. ती बसलीही नाही.

"फोन का उचलत नाहीस?"

"काय बोलू?"

"मी बोलते. चुकलं तर सांग." ती खोलीत येरझाऱ्या घालू लागली. "परवा सकाळी संदेशने ग्रुपवर प्रश्न टाकला. मोटर झटका देते, हळू कशी सुरू करू. कुणालाच आलं नाही. तुला येत होतं. त्याला उत्तर द्यायचं नाही असं तू ठरवलं होतंस, पण न सुटलेला प्रश्न समोर ठेवून तुला जेवण जात नाही. म्हणून तू त्याचा कोड उचललास आणि आपल्या ग्रुपचा नियम पाळलास. चालवून बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही."

अमृतने टेबलावरचा उघडा लॅपटॉप मिटला.

"कोडने तुझ्या लॅपटॉपवरची जुनी फाइल उचलली. सरावाच्या पेटीची किल्ली. तुला वाटलं, ती पेटी अजून संदेशच्या टेबलावर आहे. खाली सोड, वर घे. थोडं बदललं, परत खाली, परत वर. शेवटी जमलं, आणि तू तिथेच थांबलास. पडदा खाली होता. पण तुझ्या लेखी तो टेबलावरचा वीतभर कापडाचा तुकडा होता."

"मोटर किती करंट ओढते ते आकडे परत येतात," अमृत हळूच म्हणाला. "ते फार मोठे दिसत होते. मला वाटलं, त्याने मोठी मोटर आणून टेबलाला बांधली असेल. त्याचा स्वभाव तसाच आहे. तिथेच थांबायला हवं होतं मी. पण झटका जायला लागला होता, ताई. एकदा जायला लागला की थांबवत नाही."

"मग उत्तर का पाठवलं नाहीस?"

"पाठवणार नव्हतोच. फक्त सुटतंय का ते बघायचं होतं." तो खुर्चीत बसला. "संध्याकाळी फोटो आला. फुलांच्या मागे खांबावर पेटी दिसत होती, आम्ही दोघांनी केलेली ती पहिली. तेव्हा कळलं. मी काय सांगणार होतो? की ज्याच्याशी भांडलो त्याला मदत करत होतो? कुणी विश्वास ठेवला असता?"

"मी ठेवते."

"तुम्ही ठेवाल. आबा?"

माधवीने दाराजवळची त्याची चप्पल पायाने त्याच्याकडे सरकवली. "पडदे सोडणाऱ्याला सूडच घ्यायचा असता, तर मोटर हळू फिरवण्यात त्याने डोकं कशाला घातलं असतं? एवढं आबांना कळतं. पण ते तू समोर उभा राहून सांगायचं. नाही सांगितलंस तर रविवारी संदेशच्या पेट्या रस्त्यावर येतील, आणि त्याला जन्मभर वाटत राहील की तू मुद्दाम केलंस."

अमृतने एका चपलेत पाय घातला. मग म्हणाला, "त्याला आधी सांगू का?"

"ते तुझं तू बघ."

त्याने सांगितलं नाही. त्याला धीर झाला नाही.

७

रविवारी आबांच्या शेडमध्ये गुलाबवाले फुलं ठेवायच्या रिकाम्या बादल्या उलट्या करून बसले होते. अमृत आत आला तेव्हा संदेश ताडकन उठला. नवाजने त्याचा दंड धरला.

अमृतने सगळं सांगितलं. गाळलं काही नाही. ऐकून झाल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "गोष्ट चांगली बनवलीय."

"तुमाला बनवल्याली वाटती?" सारिका दारातून म्हणाली. सासऱ्यासमोर, एवढ्या पुरुषांत ती कधी बोलत नसे. "मी कानानं ऐकलंय. नवाजभाऊ, लावा बघू ते त्यांचं."

नवाजने अमृतच्या लॅपटॉपवरचा कोड पेटीत घातला. सगळे बाहेर येऊन उभे राहिले. मोटर फिरायला लागली आणि पडदा उतरू लागला. कुणी बोलत नव्हतं तरी त्याचा आवाज येत नव्हता. मघाशी बोललेला माणूस पुढे जाऊन नळीला हात लावून आला.

"फिरतीय," तो म्हणाला, आणि परत मागे जाऊन उभा राहिला.

संदेश मात्र पडद्याकडे बघत नव्हता. तो अमृतकडे बघत होता. आता हा काय करेल याचा माधवीला अंदाज येईना. ती नकळत दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"पेटी हलवली ते मी कुणाला सांगितलं नाही," संदेश शेवटी म्हणाला. तो कुणाला उद्देशून बोलला ते कळलं नाही. "किल्लीही तीच ठेवली."

आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "माल गेला तो गेला," ते म्हणाले. "पेट्या ऱ्हाऊ द्या. पण माझ्या शब्दापुढं यंत्रानं बोलायचं न्हाई, हे मी म्हणलेलं ते काढून टाका. उनात मरायला लागलं तर त्यानं बोलावं. आणि ह्या दोघांनी आतलं समदं करपल्यालं कापून द्यायचं. त्याबिगर नवीन फुटवा यायचा न्हाई. मजूर लावायचा न्हाई. दोघांनीच."

लोक पांगले. संदेश आणि अमृत कात्र्या घेऊन एकाच वाफ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. संदेश खाली मान घालून झपाझप कापत सुटला. अमृतने एक फांदी धरली, सोडली, दुसरी धरली.

"कुठून कापायचं?" त्याने विचारलं.

संदेशची कात्री चालूच राहिली. निघालेली माधवी दारात थांबली.

"पाच पानांचा देठ दिसतोय का? त्याच्या वर. तिरकं."

अमृतने कापलं.

"तो तीन पानांचा," संदेश म्हणाला. तो वाफ्याला वळसा घालून पलीकडे गेला, अमृतच्या हातातली फांदी त्याने स्वतःकडे वळवली आणि पानं मोजून दाखवू लागला. अमृतच्या मनगटावर काट्याने रक्त आलं होतं. ते दोघांनीही बघितलं नाही.

आबा माधवीच्या शेजारी येऊन उभे राहिले. "लय हळू कापत्यात," ते म्हणाले. "असं चाललं तर महिना जाईल."

"घाई आहे का, आबा?"

 भिंतीवरच्या खिळ्याला आणखी एक कात्री लटकत होती. ती आबांनी काढली, अंगठ्याने धार बघितली आणि पुढच्या ओळीत शिरले.